डाग दिल्याच्या तीन खुणा

'नाही' हा शब्द मला फार पटकन लिहिता येतो. विमा एजंट म्हणून काही वर्षं काढली, त्यात कमावलेली ही कला. प्रपोजल फॉर्मच्या आतल्या पानावर आरोग्याचे प्रश्न असायचे. क्षय झाला होता का, दमा आहे का, फिट येतात का, कावीळ किंवा यकृताचा काही आजार झाला होता का, दवाखान्यात दाखल झाला होता का. प्रश्न इंग्रजीत, उत्तरांचे चौकोन उजवीकडे. मी पहिल्या चौकोनात 'नाही' लिहायची आणि खालच्या सगळ्यांत दोन-दोन बारीक रेघा ओढत तळाशी पोचायची. समोरच्या माणसाने बशीतला चहा संपवेपर्यंत माझं पान झालेलं असायचं.

ही रीत आमच्या विकास अधिकाऱ्यांची. बारामतीच्या शाखेत त्यांच्या हाताखाली आम्ही दहा-बारा एजंट होतो, त्यात बायका दोन. ते म्हणायचे, "ताई, माणूस चालताबोलता असला तर 'नाही' लिहायचं. अंथरुणाला खिळलेला असला तर फॉर्मच भरायचा नाही. मधलं काही नसतं." आम्ही सगळे हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे असायची, कारण साहेबांच्या मर्जीतले एजंट हसण्यात मागे राहत नसत.

एजन्सी मिळण्याआधी पुण्याला तीन दिवस प्रशिक्षण झालं होतं. तिथं एका वयस्कर गृहस्थांनी फळ्यावर लिहिलं होतं की विमा हा परम विश्वासाचा करार आहे. ते म्हणाले, गिऱ्हाईक वांगं दाबून बघतं, नको असलं तर परत टोपलीत टाकतं. विमा देणाऱ्याला माणूस असा दाबून बघता येत नाही. म्हणून ज्याला माहीत आहे त्यानं आपणहून सांगायचं, समोरच्यानं विचारलं नसलं तरी. मी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतलं. वही नंतर माळ्यावर गेली आणि मी मोपेडवर बसून इंदापूर तालुक्यात हिंडायला लागले.

घर माझ्या कमिशनवर चालायचं, हे आधीच सांगून टाकते. यजमानांचं शिवणकामाचं दुकान होतं, पण लोक तयार कपडे घ्यायला लागले होते आणि ते दिवसभर कोणाच्या तरी पँटी आखूड करत बसायचे. मला या बाबतीत बोललेलं खपायचं नाही. बाई माणूस एकटी वस्त्यांवर हिंडते म्हणून कोणी तोंड वाकडं केलं, तर मी त्यालाच विचारायची, तुमचा विमा आहे का?

अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या शेपटाकडं एक वस्ती होती. चार-पाच घरं, सगळी एकाच भावकीतली. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारी माणसं, आता कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि मका करणारी. तिथल्या एका घरी मी मार्च महिन्यात गेले. मार्च म्हणजे आमचा लगीनसराईचा महिना. साहेब रोज संध्याकाळी फळ्यावर एकेकाचा आकडा लिहायचे, आणि माझ्या नावापुढे अजून मोकळी जागा होती.

घराच्या मालकाला सगळे तात्या म्हणत, म्हणून मीही म्हणायची. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं सडपातळ, बोलायला धीमा. ऊस असला तरी त्यानं वीस-पंचवीस मेंढरं ठेवली होती, सोडवत नाहीत म्हणून. घर एका खोलीचं. मध्ये छातीइतकी अर्धी भिंत, तिच्या पलीकडे चूल, अलीकडे आम्ही घोंगडीवर बसलेलो. वहिनी पलीकडे चहा ठेवत होत्या. मी पेनाचं टोपण काढलं.

"ताई, थांबा," तात्या म्हणाला. "लिवायच्या आदी एक सांगायचं हाय."

"बोला की तात्या."

"आमच्यात मेंढरू इकताना खोड आदी सांगत्यात. पैका हातात पडायच्या आदी. लंगडत असंल, दूध कमी असंल, समदं सांगायचं. न सांगता इकलं, तर घेणाऱ्याला ते लाभत न्हाय, आन् आपल्या बी कळपात कायतरी हुतं." तो थोडा थांबला. "आता तुमी मला लिवून घेताय. तर माजी बी खोड सांगतो."

आणि त्यानं सदरा वर केला. उजव्या बरगडीच्या खाली तीन गोल खुणा होत्या, रुपयाएवढ्या, गुळगुळीत आणि फिकट.

"कावीळ झाल्ती. बारका असताना एकदा, आन् गेल्या साली परत. डोळं हळदीगत झालं हुतं. बावडा गावाकडं एक म्हातारा हाय, त्यानं इळा तापवून डाग दिलं. मग उतरली. आता काय न्हाय, पर सांगाय पायजे."

मी काय केलं? मी हसले. "तात्या, तुम्हाला काय बाजारात उभं करायचंय का?" तोही हसला, सदरा खाली केला. बोलून मोकळा झाल्यासारखा दिसला. त्याच्या बाजूनं व्यवहार पुरा झाला होता.

माझ्या डोक्यात मात्र गणित चालू होतं. 'होय' लिहिलं, की फॉर्म आडवा पडणार. मग डॉक्टरांची तपासणी, रक्त-लघवी, जुने कागद, पुण्याला पाठवणी, तिकडून शंका, इकडून खुलासा. मार्च उलटून जाणार. आणि माणूस तर धडधाकट समोर बसला आहे, सकाळपासून मेंढरांमागं चालून आलेला. पुढच्या वस्तीवर मला अजून दोन घरं होती. मी पहिल्या चौकोनात 'नाही' लिहिलं आणि रेघा ओढत खाली गेले. काविळीच्या चौकोनात माझी रेघ जरासुद्धा हलली नाही.

पुढे ओळखीची खूण लिहायची असे. तिथं मी सगळ्यांचा तीळच लिहायची, हातावर नाहीतर मानेवर, आणि तो शोधायलाच वेळ जायचा. आज खूण आयती समोर आली होती. मी लिहिलं: 'पोटावर उजवीकडे डाग दिल्याच्या तीन खुणा.' वेळ वाचला म्हणून मला बरंच वाटलं.

शेवटच्या पानावर तात्यानं सही केली, एकेक अक्षर कोरत. त्याखाली आणखी एक मजकूर असायचा, फॉर्म लिहिणाऱ्यासाठी: मी हे प्रश्न अर्जदारास त्याच्या भाषेत समजावून सांगितले असून त्याने दिलेली उत्तरे जशीच्या तशी लिहिली आहेत. त्याखाली माझी सही. ती मी न वाचताच करायची. वहिनींनी चहा आणला, मी दोन घोटांत संपवला आणि निघाले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तात्या गेला. आधी भूक मेली, मग पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. या वेळी त्याला बारामतीच्या दवाखान्यात आणलं होतं, पण यकृतच गेलं होतं. मी दहाव्याला गेले. वहिनी अर्ध्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोरली मुलगी नववीत, धाकटी सहावीत. मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "वहिनी, विम्याचं मी बघते. तुम्ही काळजी करू नका." हे मी मनापासून म्हणाले होते. त्या क्षणी मला काहीच आठवलं नव्हतं, ही खरी गोष्ट आहे.

आठवलं ते क्लेमचे कागद भरताना. दवाखान्याचा केस पेपर सोबत जोडायचा होता. त्यावर डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: यापूर्वी दोनदा कावीळ, रुग्णाच्या सांगण्यावरून. दवाखान्यात विचारल्याबरोबर तात्यानं तिथंही सांगून टाकलं होतं. मी तो कागद हातात धरून शाखेच्या बाकावर बसले. पॉलिसीला दोन वर्षं पुरी व्हायला चार महिने कमी होते. दोन वर्षांच्या आत माणूस गेला, की चौकशी लागते. चौकशीवाला आधी फॉर्म बघतो, मग केस पेपर, आणि दोन्ही शेजारी ठेवतो.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, साहेब."

"ताई, ऐका. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं असं तुम्ही म्हणालात, तर त्या मागच्या सहीचं काय? जशीच्या तशी उत्तरं लिहिली म्हणून सही कोणाची आहे? एजन्सी जाईल. आणि तुमचे बाकीचे फॉर्म कोणी काढून बघायला लागलं तर मीही जाईन. गेलेला माणूस काही साक्षीला येत नाही."

मला त्यांचा राग आला, पण त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त आला, कारण त्यांचं बोलणं ऐकून मला हायसं वाटलं होतं. यजमानांना सांगितलं, तर त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "तू काय ते ठरव." तू काय ते ठरव, म्हणे! दुकानाचं भाडं कोण भरत होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या घरात क्लेमवर काय अवलंबून होतं, तेही मला माहीत होतं. तात्याच्या भावांचं म्हणणं होतं की वहिनींनी मुली घेऊन माहेरी जावं, शेताचं आम्ही बघतो. वहिनींनी निराळं ठरवलं होतं. विम्याचे पैसे आले, तर दोन म्हशी घ्यायच्या, डेअरीला दूध घालायचं आणि तिथंच राहायचं, त्याच घरात, थोरलीची शाळा न मोडता. मी गेले की त्या हेच बोलायच्या. म्हशी कुठल्या बाजारातून घ्याव्यात हेसुद्धा विचारायच्या. मी सांगायची, आणि मोपेडला किक मारून वळून न बघता निघायची.

चौकशी अधिकारी माघ महिन्यात आले, पुण्याहून. पन्नाशीचे, हळू बोलणारे, चष्मा पुसत ऐकणारे. आरडाओरडा करणारा माणूस असता तर मी त्याच्याशी भांडले असते. या माणसाशी भांडायला जागाच नव्हती. त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. वाटेत उसाच्या बैलगाड्या लागल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, आणि अंथुर्णं येईपर्यंत अधिकाऱ्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

वस्तीवर त्याच घोंगडीवर आम्ही बसलो. तात्याचा थोरला भाऊ दारात उभा होता, मुली शाळेत होत्या. वहिनी डोक्यावरचा पदर सावरून भिंतीपाशी बसल्या.

"तुमच्या यजमानांना आधी कधी कावीळ झाली होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी वहिनींकडं बघितलं नाही. मनातल्या मनात मात्र म्हणत होते, नाही म्हणा, वहिनी, नाही म्हणा.

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "दोनदा."

"मग फॉर्ममध्ये नाही असं का लिहिलंय?"

"मला लिवाय-वाचाय येत न्हाय. लिवलंय ताईंनी. ताईंना इचारा."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडं बघितलं. दारातला तात्याचा भाऊ माझ्याकडं बघत होता. वहिनीही माझ्याकडं बघत होत्या.

"काय हो ताई? अर्जदारानं तुम्हाला कावीळ झाल्याचं सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही, साहेब. मार्चमध्ये दिवसाला दहा-दहा फॉर्म भरते मी."

खोटं बोलायलासुद्धा मी सोपी जागा शोधली होती. सांगितलं नव्हतं, असं म्हणाले नाही. आठवत नाही म्हणाले. अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं. वहिनी उठल्या आणि भिंतीपलीकडं गेल्या. चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

चहा आला. वहिनींनी आधी अधिकाऱ्यांना कप दिला, मग मला. माझा चहा बशीत सांडलेला होता, निम्मा तरी. मी बशीतला बशीतून आणि कपातला कपातून प्यायले. मला वाटलं, बिचारीचा हात थरथरतोय, घर अजून दुःखातून सावरलं नाही. मला त्यांची फार कीव आली.

निघताना वहिनींनी अधिकाऱ्यांना विचारलं, "सायेब, न्हाय झालं तर कागूद येतो का?"

"हो. पत्र येतं. कारण लिहून."

"काय लिवत्यात?"

अधिकारी जरा अडखळले. "महत्त्वाची माहिती लपवली, असं लिहितात."

"कुनी लपवली?"

"अर्जदारानं. म्हणजे तुमच्या यजमानांनी."

वहिनी दारातून पुढं आल्या. मग म्हणाल्या, "पैसं ऱ्हाऊ द्या मग. पर असं लिवू नका. त्यो लपवणारा न्हवता. मेंढीची खोड सांगून आल्यालं गिऱ्हाईक माघारी लावायचा त्यो. म्या भांडायची त्याच्यासंगं. पोरी मोठ्या झाल्या की तो कागूद वाचतील न्हवं?"

अधिकारी म्हणाले, "मी बघतो." जीप सुटली. बारामतीपर्यंत मी बाहेर बघत राहिले आणि मला बाहेरचं काहीही दिसलं नाही. पैसं ऱ्हाऊ द्या, हे शब्द कानातून जाईनात. त्या पैशांवर ती बाई उभी राहणार होती, आणि कागदावर एक वाक्य येऊ नये म्हणून ती ते सोडून द्यायला निघाली होती. ते वाक्य खोटं होतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, अशी माझी समजूत होती. आणि तो माणूस जीपमध्ये पदर तोंडाला लावून, धूळ येतेय असं दाखवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता शाखेत मला जबाबावर सही करायला बोलावलं होतं. टाइप केलेला कागद तयार होता, सहा-सात ओळींचा. 'अर्जदाराने पूर्वीच्या आजाराबद्दल सांगितले होते किंवा कसे, हे मला आठवत नाही.' आमचे साहेब मागच्या टेबलाशी फाइल चाळत उभे होते. त्यांना त्या फाइलीत काहीही बघायचं नव्हतं. मी पेन घेतलं.

टेबलावर तात्याचा मूळ फॉर्म उघडा होता. माझं अक्षर. वरती 'नाही' आणि खाली रेघा, एकीखाली एक, शाळेत कित्ता गिरवावा तशा सारख्या. आणि त्या पानाच्या खालच्या बाजूला माझ्याच अक्षरात ती ओळ. पोटावर उजवीकडे डाग दिल्याच्या तीन खुणा.

मी ती ओळ तीन-चारदा वाचली. त्यानं सांगितलं होतं आणि मी लिहिलंही होतं. फक्त चुकीच्या चौकोनात.

"साहेब," मी अधिकाऱ्यांना विचारलं, "ही खूण कशाची, ते तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांनी वाकून वाचलं. "भाजल्याची ना? चटका वगैरे."

"नाही. भाजलं असतं तर मी भाजल्याची लिहिलं असतं. डाग देतात आमच्याकडं. कावीळ झाली, की विळा तापवून पोटावर देतात. इंदापूरकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो खूण बघून आजार सांगेल."

मागं फाइल चाळल्याचा आवाज थांबला. साहेब म्हणाले, "ताई, जरा बाहेर या."

"येते," मी म्हणाले, आणि उठले नाही. "त्यांनी मला सांगितलं होतं. सदरा वर करून दाखवलं होतं. बारकेपणी एकदा आणि आदल्या वर्षी एकदा. मी वर 'नाही' लिहिलं, कारण मार्च होता. आणि खाली खूण म्हणून हे लिहिलं, कारण तीळ शोधायचा कंटाळा आला होता. हा टाइप केलेला कागद राहू द्या. मला कोरा कागद द्या."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या पानावर तुमची सही आहे. त्याचं काय होईल, कल्पना आहे?"

"आहे."

"मग सावकाश लिहा," ते म्हणाले आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला.

मी लिहिलं. सव्वा पान झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरच्या माणसानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहीत होते, मेंढराच्या खोडीसकट. मध्ये दोनदा पेन ठेवून हाताला आलेला घाम पदराला पुसला. सही केली तेव्हा साहेब तिथं नव्हते. ते त्यानंतर माझ्याशी कधीच बोलले नाहीत, रस्त्यात समोरासमोर आलो तरी.

मला नोटीस आली, मी तिला उत्तर दिलं, आणि उन्हाळ्यात एजन्सी रद्द झाली. मी मोपेड विकली. घेणाऱ्याला आधीच सांगितलं, चढाला दम सोडते. त्यानं थोडी किंमत पाडली. यजमानांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसले. या सगळ्यात मला फार काही थोर केल्यासारखं वाटत होतं असं कोणी समजू नये. पहिले काही महिने मी रोज कोणावर ना कोणावर चिडत होते, बहुतेक वेळा यजमानांवर, आणि ते बिचारे ऐकून घेत होते.

क्लेम पावसाळ्यात मंजूर झाला. पुण्याच्या कचेरीनं म्हणे असं मानलं, की फॉर्मवर खुणेचा उल्लेख होता, आणि उत्तर चुकीचं भरलं गेलं ते एजंटामुळं. शाखेतल्या एका शिपायानं मला दुकानात येऊन सांगितलं. मी त्याच दुपारी एसटी धरली.

वस्तीवर थोरली घरी होती. तिनं मला पत्र आणून दिलं. वहिनींनी ते तिच्याकडून वाचून घेतलं होतं, तरी त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. छोटंसं पत्र होतं, रकमेचं आणि पावतीवर सही करून पाठवण्याचं.

"लपवलं असं कुठं हाय का त्यात?"

"नाही, वहिनी. कुठंच नाही."

त्यांनी मान हलवली. थोरलीला मेंढरांकडं पाठवलं आणि भिंतीपलीकडं जाऊन चहा ठेवला. माझ्या मनात सकाळपासून एक वाक्य तयार होतं, ते मी आता बोलून टाकलं. "वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. तात्यांनी मला सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी पुण्याच्या साहेबांसमोर मी आठवत नाही म्हणाले, ते खोटं होतं."

वहिनी भिंतीवरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ठावं हाय की. म्या हितंच हुते न्हवं, चुलीम्होरं. त्यांनी सदरा वर केल्याला बी बघितला. तुमी हसला त्ये बी ऐकलं."

छातीइतकी भिंत. मी त्या घरात इतक्यांदा बसले होते आणि ती भिंत मला कधी दिसलीच नव्हती. तात्या गेल्यापासून मी किती वेळा आले, म्हशींच्या बाजारावर बोलले, त्यांचा हात हातात घेतला, आणि दर वेळी त्यांना माहीत होतं.

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"म्या? माजं कोन लिवून घ्येतं? बाई आपल्या फायद्याचं बोलती म्हनला असता. त्यांनी इचारलं, तवा तुमचं नाव सांगितलं. म्हनलं, बघू, ताई सांगत्यात का." त्यांनी चहा गाळला, भिंतीला वळसा घालून आल्या आणि कप माझ्यापुढं ठेवला. बशी कोरडी होती. "तवा तुमास्नी चहा देताना हात कापत हुता माजा. दिसला न्हाय का?"

"दिसला होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तात्या गेल्याच्या दुःखानं."

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "तुमचा राग आला हुता."

त्या समोर बसल्या. मी चहा संपवेपर्यंत त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मग त्यांनी माझ्या हातातून कप-बशी घेतली.